पुरचुंडीतला चहा

आमच्या गावातल्या सुपरमार्केटात चहा मिळत नाही, असं मी म्हटलं की लोकांना वाटतं मी नखरे करतेय. कारण तिथे चहाच्या डब्यांची अख्खी भिंत आहे. झोप आणणारा चहा आहे, पोट हलकं करणारा आहे, मन शांत करणारा आहे. त्याची किंमत वाचूनच माझं मन खवळतं. पण डबा फिरवून मागची बारीक अक्षरं वाचली की कळतं, आत चहा सोडून सगळं आहे. कॅमोमाइल म्हणजे शेवंतीच्या कुळातली फुलं. हिबिस्कस म्हणून जे विकतात ती लाल अंबाडीची बोंडं. पुदिना आहे, सुंठ आहे, लिंबाची साल आहे. एका डब्यात तर आपला गवती चहासुद्धा निघाला, पण चहा नव्हता. वरात दारात आणि नवरदेवाचा पत्ता नाही, असा सगळा कारभार.

गाव अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, मक्याच्या शेतांच्या मधोमध. नवऱ्याच्या कंपनीचं काम इथे आहे म्हणून आम्ही इथे. भारतीय किराण्याचं दुकान डे मॉईनला, गाडीनं दीड तास, आणि जानेवारीत त्या रस्त्यावर वारा असा बर्फ लोटत असतो की कढीपत्त्यासाठी जीव धोक्यात घालायची इच्छा होत नाही. येताना आणलेली चहा पावडर थंडीच्या मध्यावरच संपली. ती जपून वापरायची असं ठरलं होतं, पण ते ठरलं होतं चहा पिता पिता.

तर पाला-फुलं वजा केली की भिंतीवर खऱ्या काळ्या चहाचे मोजून चार-पाच डबे उरतात. त्यातला एक बर्गमॉट नावाच्या सुवासिक लिंबाच्या तेलाचा. तो नुसत्या पाण्यात ठीक असेल; आलं-दूध घालून उकळला तर स्वयंपाकघरात दिवाळीच्या पहिल्या आंघोळीचा वास सुटतो. एक ‘चाय’ मसाल्याचा, त्यात दालचिनी आणि लवंग इतकी की मसालेभाताची आठवण यावी. आणि एकदा मी नवऱ्याला एकट्याला पाठवलं तेव्हा त्यानं आणला तो डीकॅफ, म्हणजे कॅफिन काढून टाकलेला. ते अक्षर डब्यावर कोपऱ्यात होतं, हे मान्य. पण डोकं ठणकायला लागल्यावर त्यानं आधी हवामानाला, मग हीटरला आणि शेवटी माझ्या बोलण्याला दोष दिला, हे मी विसरणार नाही. ऑरेंज पिको लिहिलेला सरळ साधा डबा तिथेच शेजारी होता. तो का नाही घेतला? “संत्र्यानं दूध फाटलं असतं ना.” त्या डब्यात संत्र्याचा अंशही नसतो, ते पानाच्या प्रतीचं नाव आहे, हे त्याला सांगितलं. त्यावर तो म्हणाला, मग तसं लिहावं.

शेवटी तो डबा आणला. शंभर पिशव्या, एकूण वजन २२७ ग्रॅम. घरच्या पद्धतीनं आधण ठेवलं, आलं ठेचून घातलं, दोन पिशव्या सोडल्या, दूध घातलं, उकळी आणली. दोऱ्यांच्या टोकाचे कागद सुटून पातेल्यात तरंगायला लागले. रंग आला तो आजारी माणसाला देतात त्या पेजेचा. कराडला सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर दाखवलं, तर त्या म्हणाल्या, “अगं, पुरचुंडीत बांधून कुणी चहा करतं का? ताप आलेल्याचं डोकं शेकायचं ते!”

करतात खरं. मिलवॉकीच्या दोन बायकांनी, रॉबर्टा लॉसन आणि मेरी मॅक्लॅरन यांनी, १९०३ साली अशाच एका कपापुरत्या चहाच्या पिशवीचं पेटंट मिळवलं होतं. ती कापडाचीच होती, जाळीदार सुती. म्हणजे सासूबाईंची पुरचुंडीच. हे त्यांना सांगितल्यावर त्यांनी विचारलं, “त्या दुधात करत होत्या का?”

प्रश्न नेमका होता. मी हिशोबाला बसले. एका पिशवीत सव्वादोन ग्रॅम चहा, आणि डब्यावर लिहिलंय एका पिशवीला एक कप, म्हणजे सव्वादोनशे मिलिलीटरच्या आसपास पाणी. आता चहा कसा करावा याचं एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ३१०३, सन १९८०. चहाची चव तपासणाऱ्यांसाठी आहे ते. शंभर मिलिलीटरला दोन ग्रॅम चहा, सहा मिनिटं. असंच मानक काढणाऱ्या ब्रिटिश संस्थेला, चहा करण्याची सहा पानी कृती लिहिल्याबद्दल, १९९९ साली साहित्याचं इग नोबेल, म्हणजे नोबेलच्या धर्तीवरचं गमतीचं बक्षीस, मिळालं. लोक हसले, पण मला त्या सहा पानांनी आधार दिला. डब्यावरच्या मापानं चहा मानकाच्या निम्मा होतो, हे आता माझ्याकडे कागदोपत्री होतं.

पण पिशव्या दुप्पट केल्या, तरी दम येईना. रंग आला, चव नाही. तेव्हा उलगडलं की दोष त्या चहाचा नाहीच. अमेरिकेत बहुतेक चहा बर्फ घालून पितात. आसामचा कडक चहा गार केला की गढूळ होतो. काचेच्या उंच ग्लासात तो गढूळपणा यांना चालत नाही. म्हणून गार केला तरी नितळ राहणारा चहा मागवतात, आणि त्यातला पुष्कळसा अर्जेंटिनाहून येतो. त्या बिचाऱ्याला आयुष्यात दूध भेटणार, आलं भेटणार, वर सातारी उकळी भेटणार, याची कुणी कल्पनाच दिलेली नव्हती. आपल्याकडच्या पावडरीची गोष्ट वेगळी. १९३० च्या सुमारास आसामात सीटीसीचं यंत्र निघालं, पान चिरडून, फाडून त्याचे गोळीदार दाणे करणारं. तो चहा मार खाऊनच बाहेर पडतो. त्याला उकळीचं काय कौतुक!

सासूबाईंचा सल्ला एकच होता: “फाड ती पुरचुंडी.” फाडण्यात मजा आहे, हे कबूल करते. त्या दोन कप्प्यांच्या पिशवीला बहुधा डिंक नसतो. एक लांब नळी दुमडलेली असते आणि वर एक पिन. अशी घडी घालणारं यंत्र आडोल्फ राम्बोल्ड नावाच्या जर्मन माणसानं १९४९ साली आणलं. पिन काढली की त्याची सगळी कारागिरी उलगडते आणि चहा सळसळत डब्यात पडतो. आतली पूड बघून तर गहिवरून आलं. बारीक, काळी, अगदी घरच्या डस्टसारखी. रविवारी दुपारी आम्ही दोघं जेवणाच्या टेबलावर पेपर पसरून बसलो आणि अख्खा डबा मोकळा केला. पाव किलोला तेवीस ग्रॅम कमी भरला.

मग नवऱ्यानं पिना मोजल्या. तो इंजिनिअर आहे, त्याला सांगावं लागत नाही. नव्व्याण्णव निघाल्या.

टेबलाखाली शोधलं, गालिचा झटकला, फ्रिजवरचं लोहचुंबक काढून पुडीतून फिरवलं. त्या लोहचुंबकाला काही चिकटलं नाही, आणि त्यावर त्या पिना पोलादी आहेत का अॅल्युमिनियमच्या, यावर रात्रीपर्यंत वाद झाला. उरलेल्या नव्व्याण्णवांपैकी एक चिकटवून बघ, हे दोघांनाही उशिरा सुचलं. तो डबा संपेपर्यंत नवरा दात आवळून चहा पीत होता.

खरा शोध लागला तो परदेशी मालाच्या रांगेत. टिक्का मसाल्याच्या सॉसच्या बाटल्यांशेजारी इंग्लंडचं एक छोटं खोपटं आहे: मार्मलेड, बिस्किटं, आणि ऐंशी पिशव्यांचा ब्रिटिश चहा, अडीचशे ग्रॅम. पिशवीला तीन ग्रॅमपेक्षा जास्त, आणि दोरा नाही, कागद नाही, पिनही नाही! दूध घालूनच प्यायचा, म्हणून त्यात आसाम आणि केनिया. आसामचा चहा लंडनच्या लिलावात १८३९ साली पहिल्यांदा विकला गेला. तेव्हापासून तो मालकांसाठी जातोय, आणि मला तो आयोवात त्यांच्याच फळीवरून, तिप्पट पैसे मोजून, उचलावा लागला.

चव मात्र बरोबर होती. नवऱ्यानं पहिला घोट घेतला, दात सैल सोडले आणि पावती बघितली. त्यानंतर आमच्या घरी मिश्रण असतं: दोन स्वस्तातल्या पिशव्या रंगाला, एक ब्रिटिश दमाला, आणि सगळ्या न फाडता.

सासूबाई मे महिन्यात येणार आहेत. परवा फोनवर म्हणाल्या, “आता तुला चांगला चहा मिळाला म्हणतेस, मग मी पावडर आणू का नको?”

“आणा,” मी म्हटलं, “लोणच्याच्या बरण्या राहू देत, चार किलो आणा.”