घाटावर बसून समुद्र कसा संपवावा

समुद्र संपवायला कोकणातच राहावं लागतं, असं कुणी सांगितलं तुम्हाला? आम्ही कराडकर हे काम कुंभार्ली घाट न उतरता करतो. कोयनेचं पाणी पोफळीला वीज करून वाशिष्ठीत आणि पुढं अरबी समुद्रात जातं. म्हणजे द्यायचं ते आपण देतोच. मग घ्यायला कसला संकोच?

सुरुवात पापलेटपासून करा. २०२३ साली सरकारनं त्याला राज्य मासा केलं. राज्याचा म्हटल्यावर त्यात सातारा जिल्ह्याचा वाटा आलाच. गेल्या रविवारी मेव्हणा जेवायला येणार म्हणून मंडईत गेलो, तोही सोबत आला. पाटीत पापलेटं होती, मोबाईलपेक्षा लहान. अर्ध्या किलोत तेरा बसली. म्हटलं, अरे ही पोरं आहेत. तर मेव्हणा म्हणतो, "घ्या की दाजी, बारकीच गोड असत्यात." विकणाराही हसला. त्याच २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांना किमान आकार ठरवून दिलाय म्हणे. पण मंडईत पट्टी घेऊन कोण उभं राहणार? पालघरकडच्या सातपाटी बंदरातल्या कोळ्यांनी ज्या माशावर बोटींची कर्जं फेडली, तो एकदाही अंडी न घालता आमच्या कढईत. बारीक भोकांच्या जाळ्यात पिल्लू आलं की वजन गेलं, भाव गेला, पुढची वीणही गेली. आणि याला धंदा म्हणायचं! अडसाली ऊस आपण दीड वर्ष उभा ठेवतो ना? दोन महिन्यांचा कोंब तोडून कारखान्याला घालणाऱ्याला गाव वेडा म्हणेल. तेच समुद्रात केलं की तो आमचा स्वस्तातला रविवार!

जुलैत हॉटेलात "ताजंच हवं" म्हणून हट्ट धरा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना बंदी असते, हे वेटरला माहीत असेल, तुम्हाला असायचं कारण नाही.

गुहागरला गेलात तर गाडी थेट वाळूत घाला. कासवाची अंडी काय, टायरला लागतसुद्धा नाहीत.

रात्री एलईडी दिवे लावून मासे गोळा करण्यावर २०१७ पासून बंदी आहे. असू दे.

पालघरला होणाऱ्या वाढवण बंदराच्या ७६ हजार कोटींचा विषय निघाला की "विकास हवाच" म्हणून मोकळे व्हा. मच्छीमार काय म्हणतात ते पालघरचं पालघरला.

आणि हो, ती तेरा मी घेतली. मेव्हण्यासमोर कंजूष दिसायला नको म्हणून. एकेकात दोन घास नव्हते, ताटात नुसता काट्यांचा ढीग. दुसऱ्या दिवशी आम्हीच चहा पिताना बोंबलत होतो, पापलेट किती महाग झालंय! महाग होणार नाही तर काय होईल? मोठं व्हायला आपण एक तरी ठेवतोय का? खोटं रडू नका. पाटीत पिल्लं दिसली तर विकणाऱ्याला तोंडावर सांगा, ही नकोत. मोठी नसतील तर हात हलवत परत या. मेव्हणा रुसला तर रुसू दे, अंडाकरी घाला त्याला.