घरबसल्या विश्वासू व्हा

ऑनलाइन काहीबाही विकून श्रीमंत व्हायचंय? मग नोकरी सोडू नका. सोडली, एवढं फक्त लिहा. ‘हिंगणा एमआयडीसीत बारा-बारा तास घासत होतो. एक दिवस राजीनामा साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि आज...’ या ‘आज’नंतर शब्द लागत नाहीत, गाडीचा फोटो लागतो. गाडी भाड्याची चालते. फोटो काढायला नागपूरच्या फुटाळा तलावावर मात्र जाऊ नका. तिथे सकाळी फिरायला येणाऱ्यांत तुमचा एखादा मामा हमखास निघतो आणि फोटोखाली ‘अरे, ही तर पिंटूच्या साल्याची गाडी’ असं लिहून मोकळा होतो. वर्धा रोडवरचं कुठलंही मोठं हॉटेल बघा. आत जायची गरज नाही, काच मागे दिसली की झालं.

जमल्यास आठ दिवस दुबईला जाऊन या. नागपूरकर पुण्याच्या माणसाचं शहाणपण ऐकून घेत नाही आणि नागपूरच्या माणसाकडे ते असेल असं मानत नाही. दुबईहून परतलेल्या नागपूरकराचं मात्र तो दोन्ही कान देऊन ऐकतो.

विकायचं काय, ते नंतर बघू. इतवारी बाजारातला दुकानदार आधी माल भरतो आणि मग गिऱ्हाइकाची वाट बघत बसतो, म्हणून तो अजून इतवारीतच आहे. तुम्ही आधी गिऱ्हाईक गाठा. त्याला नेमकं कुठे दुखतं ते विचारून घ्या. गुडघा निघाला तर तेल काढा, पोट निघालं तर पावडर. आणि बेकारी निघाली तर कोर्स, कारण कोर्सला ना गोदाम लागतं ना एक्स्पायरी डेट.

तरी त्या इतवारीवाल्याला हसू नका. मूळ कला त्याचीच आहे. पांढऱ्या गादीवर बसवून तो म्हणतो, “ताई, घेऊ नका ना, नुसतं बघा. बघायचे कुठं पैसे पडतात?” आणि मग साडीवर साडी उलगडत जातो. मध्येच पोरगा चहा आणून ठेवतो. तिसऱ्या घोटाला त्याचा प्रश्न येतो, “बाबांची तब्येत काय म्हणते?” आता समोर साड्यांचा डोंगर, पोटात त्याचा चहा आणि तोंडी बाबांची तब्येत. अशा अवस्थेत ‘नको’ म्हणून उठायला छाती लागते. तुमचं फुकट ई-बुक म्हणजे त्याचाच चहा. ‘नमस्कार, कसे आहात? खूप दिवसांपासून तुमच्याशी बोलायचं होतं’ हा दहा हजार जणांना एकाच वेळी गेलेला मेसेज म्हणजे त्याचीच बाबांची चौकशी. फक्त त्याला बाबा खरंच माहीत असतात.

त्याच्या धंद्यात एकच खोट आहे. तो उद्याही तिथेच बसलेला असतो. साडीचा रंग गेला की ताई पिशवी घेऊन येतात, पाच गिऱ्हाइकांसमोर उभ्या राहतात आणि आवाज चढवतात. त्या आवाजाच्या धाकानंच त्याचे निम्मे रंग पक्के निघतात. तेव्हा तुमच्यापर्यंत कोणी पिशवी घेऊन पोचू शकणार नाही, ही पहिली व्यवस्था करा. पत्ता ‘धरमपेठ, नागपूर’ एवढा पुरे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत नाव, पूर्ण पत्ता आणि तक्रार निवारण अधिकारी द्या असं लिहिलंय. त्या अधिकाऱ्यानं ४८ तासांत तक्रारीची पोच द्यावी आणि महिन्याभरात ती निकाली काढावी, असंही आहे. पोचेचं एवढं काय मनावर घेता? ४८ सेकंदांत पाठवा. ‘तुमचा अभिप्राय आमच्यासाठी अनमोल आहे.’ अनमोल म्हटल्यावर त्याचे पैसे परत मागायला माणूस जरा बिचकतो.

आता गिऱ्हाइकाला आत घ्यायचं पहिलं दार. किंमत ९,९९९, खोडून आज फक्त ९९. या ९९ रुपयांत तुमचा जाहिरातीचा खर्चसुद्धा सुटणार नाही, पण ते कमाईसाठी नसतातच. फुकट आलेला माणूस जांभई देत ऐकतो. ज्यानं एकदा खिशात हात घातला तो स्वतःच्या शहाणपणाची बाजू घ्यायला लागतो. आपण मूर्खासारखे ९९ घालवले असं मानण्यापेक्षा पुढचे ९,९९९ भरणं त्याला सोपं जातं.

पानावर उलटं धावणारं घड्याळ लावा. १४ मिनिटं ५९ सेकंद. पान बंद करून पुन्हा उघडलं की ते पुन्हा १४ मिनिटं ५९ सेकंदांवर येतं, पण बघतंय कोण? त्याच्या खाली ‘फक्त ३ जागा शिल्लक’. झूमवरच्या वर्गात जागा कशा संपतात, हा प्रश्न विचारणारा माणूस तसाही तुमच्या कामाचा नाही, तो आपोआप गळतो. रविवारी अकराला वेबिनार सुरू झाला की तुमच्याच दोन भाच्यांना चॅटमध्ये बसवा. एकानं ‘सर, डोळे उघडले’ लिहायचं, दुसऱ्यानं दहा मिनिटांनी ‘पेमेंट केलं सर, लिंक स्लो आहे, लवकर करा सगळे’ असं. ही दुसरी ओळ जास्त मोलाची. लिंक स्लो आहे म्हणजे गर्दी आहे, आणि गर्दी दिसली की आपला माणूस रांग कशाची आहे ते नंतर विचारतो.

माल खाण्याचा असेल तर गावाचं नाव वापरा. नागपूर संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, ते तुमच्याच आजोबांनी मिळवल्यासारखं पानावर टाका. फक्त एक सांभाळा. आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या आगेमागे सुरू होतात, मृगाची फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेलेला असताना ‘आज पहाटे झाडावरून तोडलेली’ अशी जाहिरात नागपुरात दाखवू नका. कळमन्याच्या बाजारातला हमालसुद्धा हसेल. ती मुंबई-बंगळुरूला दाखवा. तिथला गिऱ्हाईक म्हणेल, ‘वा, बाराही महिने ताजी!’ आणि पाच तारे देऊन टाकेल.

ताऱ्यांवरून आठवलं. सगळे रिव्ह्यू पाच ताऱ्यांचे लिहून घेणं हे नवशिक्याचं लक्षण. अधूनमधून चारचा घाला. ‘माल एक नंबर, पण कुरिअर एक दिवस उशिरा आलं.’ दोष सांगितला म्हणजे माणूस खरा, आणि दोष कुरिअरचा म्हणजे तुम्ही निर्दोष. लिहिणारी काटोलची काकू असावी. फोटो तिचा नसावा, जास्वंदाचा असावा. खोट्या रिव्ह्यूंना आळा बसावा म्हणून भारतीय मानक ब्युरोनं २०२२ मध्ये आयएस १९००० नावाचं मानक काढलं. काढलं तेव्हा ते ऐच्छिक होतं. चोरांनी ऐच्छिकपणे चौकीत हजेरी लावावी, इतका सरळ विचार करणारी माणसं अजून या देशात आहेत, हे वाचून मला तरी फार बरं वाटलं.

कुलूप विसरू नका. ब्राउझरच्या पट्टीत साइटच्या नावाशेजारी जे छोटं कुलूप असायचं, त्याचा अर्थ एवढाच की तुम्ही आणि साइट यांच्यातलं बोलणं मध्ये कोणाला वाचता येत नाही. पलीकडे बसलेला भामटा आहे की हरिश्चंद्र, याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. भामट्याशीसुद्धा गुपचूप बोलता येतंच की! पण लोक त्याला भरवशाचा शिक्का समजत राहिले, आणि शेवटी क्रोमनं २०२३ मध्ये ते चिन्हच काढून टाकलं. म्हणजे जागा रिकामी झाली. तुमच्या पानावर चांगलं पितळी, मोठं कुलूप छापा आणि खाली लिहा, ‘१००% सुरक्षित’. कशापासून, ते लिहू नका.

एवढं करूनही कच्चं राहिलंय असं वाटत असेल तर सरकारी अभ्यासक्रम आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’ रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. गिऱ्हाइकाला कसं कसं गुंडाळतात त्याचे १३ प्रकार, व्याख्येसकट आणि उदाहरणांसकट. खोटी घाई त्यात आहे, न विचारता टोपलीत वस्तू टाकणं आहे, किंमत थेंबाथेंबानं सांगणं आहे. ऑनलाइन कमाईचे कोर्स विकणारे गुरुजी जे लाखभर रुपये घेऊन शिकवतात, ते राजपत्रात फुकट. मला सगळ्यांत आवडला तो लाज वाटायला लावण्याचा प्रकार. विमानाच्या तिकिटाबरोबर विमा नको असलेल्याला ‘मी असुरक्षितच राहीन’ असं म्हणायला लावणं, हे उदाहरण त्यांनी स्वतःच दिलंय. सरकार एवढं बारीक बघतं, तर आपण निदान ते मायबोलीत आणावं. हिरवं बटण: ‘हो, मला श्रीमंत व्हायचंय.’ खाली फिक्या करड्या अक्षरांत: ‘नको, मी ईएमआय भरतच म्हातारा होईन.’ सदस्यत्व घेणं एका टिचकीवर ठेवा. सोडायचं असेल तर सोमवार ते शुक्रवार अकरा ते एक या वेळेत फोन करावा लागेल, आणि या वेळेत मॅडम जेवायला गेलेल्या असतील.

इन्फ्लुएन्सर घ्यायचा तर स्वस्तातला घ्या. पैसे घेऊन केलेली शिफारस ठळकपणे तसं सांगून करावी असा नियम आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. तेव्हा ‘जाहिरात’ हा शब्द लिहायचाच, पण नागपूर, ऑरेंजसिटी, तर्री, सावजी, मंडेमोटिव्हेशन अशा तीस हॅशटॅगांच्या गर्दीत, एकोणतिसावा. ही युक्तीसुद्धा नियमात नावानिशी मना केलेली आहे. पण नियम वाचणारा माणूस रील बघत नाही आणि रील बघणारा नियम वाचत नाही, यावर तर सगळा धंदा चाललाय.

इथवर सांगितलं ते सगळं तसं किरकोळ. खरं भांडवल वेगळ्याच ठिकाणी आहे आणि त्याला बँकेचं कर्जही लागत नाही. विश्वास मिळवायला वर्षं लागतात, हे अगदी खरं. म्हणून तो मिळवत बसू नका. तो घरोघरी आयता पडलेला आहे.

तुमच्या फोनमध्ये ‘आपलं गोकुळ’ किंवा तत्सम नावाचा एक ग्रुप असेल. त्यात त्रिमूर्तीनगरची मावशी असेल. तिनं तुम्हाला अंगाखांद्यावर खेळवलं. डॉक्टर कोणता बरा, गॅसची शेगडी कुठली घेऊ, हे ती आजही तुम्हालाच विचारते, कारण गेल्या तीस वर्षांत तुम्ही तिला खोटं सांगितलेलं नाही. ही तीस वर्षं एका रेफरल कोडात मावतात, म्हणजे खरेदी तुमच्यामुळे झाली हे सांगून तुम्हाला कमिशन मिळवून देणाऱ्या खुणेत. मेसेज लांब नको: ‘मावशी, मी स्वतः दोन महिन्यांपासून वापरतोय. कोणाला सांगत नाही, तू घरची म्हणून सांगतो. खालच्या लिंकवरूनच घे हां.’ ‘हां’ टाकायला विसरू नका. सगळी जाहिरात त्या ‘हां’मध्ये आहे. कोणत्याही कंपनीच्या लेखनिकाला तो सुचणार नाही, आणि सुचला तरी त्याच्या तोंडी शोभणार नाही.

मावशी लिंक उघडणार नाही. ती फोन करेल.

“काहून रे बाबू, चांगलं हाय ना ते?”

“मी सांगून राहिलो ना मावशी.”

“तू सांगून राहिला म्हणजे चांगलंच असन. तूच भरून दे पैसे, मी देतो तुले.”

बघा, तिनं ना घड्याळ बघितलं, ना कुलूप, ना काकूंचे चार तारे. ज्याचा माल तुम्ही असा खपवता त्या तुमच्या गुरूला जी गोष्ट लाखो रुपयांच्या जाहिराती करून मिळत नाही, ती तुम्ही मावशीच्या तोंडून दोन वाक्यांत मिळवलीत. म्हणून तर गुरू तुम्हाला कमिशन देतो. तुमच्या बोलण्याचं ते कमिशन नाही, मावशी तुम्हाला उलटून प्रश्न विचारत नाही याचं आहे. तसा तो दरही वाईट नसतो, पंधरा-वीस टक्के सुटतात.

पुढच्या वेळी शेगडी घ्यायची झाली की मावशी शेजारच्या पोराला विचारेल. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. तुम्हाला आत्या आहे, काकू आहे, शाळेतले दोस्त आहेत, सोसायटीचा ग्रुप आहे. ही नाती पुरवून पुरवून वापरली तर दीड-दोन वर्षं सहज निघतात.

तक्रारींना घाबरू नका. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३० आहे. पण ९९ रुपयांसाठी कोणी फोन करत नाही. ९,९९९ साठी करावासा वाटतो, पण मग बायकोसमोर बोलावं लागतं, आणि तिनं पहिल्याच दिवशी ‘कायले भरता?’ म्हणून विचारलेलं असतं. नवऱ्याच्या या अडचणीइतकं भक्कम संरक्षण तुम्हाला कुठलाही वकील देऊ शकणार नाही. नाव फारच गाजलं तर तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीत तुमचा बडग्या, म्हणजे पुतळा, निघेल. निघू द्या. वर्षभरात जे जे डोक्यात जातं त्याचा बडग्या करून सगळं नागपूर त्या दिवशी गावाबाहेर घालवतं. त्या मानाच्या रांगेत मंत्र्यांच्या शेजारी उभं राहायला मिळालं, तर तो फोटो भाड्याच्या गाडीपेक्षा बरा.

मग मात्र पानाचं नाव बदला, दाढी वाढवा किंवा काढा, आणि नवा कोर्स आणा: ‘ऑनलाइन फसवणुकीत गेलेले पैसे परत कसे मिळवावेत.’ याला जाहिरात लागत नाही. एकदा फसलेल्या माणसांची यादी बाजारात सगळ्यांत महाग जाते, आणि ती नाव, नंबर, रक्कम अशी भरून तुमच्याकडे तयार आहे. मावशीचं नावही तिच्यात असेल. तिच्याकडून घरचा दर घ्या.