कोस्टांचं मडगाव आणि फॉरवर्डमधलं मडगाव

मडगावात जन्मलेला मुलगा निवडणूक हरूनही पोर्तुगालचा पंतप्रधान झाला, लाच खाताना पकडला गेला, खुर्ची गेली, तरी आज तो युरोपचा राष्ट्राध्यक्ष आहे आणि शिवाय भारताचा नागरिकही! अँटोनियो कोस्टांविषयी अशा आशयाचा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतोय. अर्धे लोक तो छाती फुगवून पाठवतात, अर्धे नाक मुरडून.

जन्म लिस्बनचा, 17 जुलै 1961. वडील, लेखक ओरलांदो दा कोस्टा, हेसुद्धा जन्मले मोझांबिकमध्ये. वाढले मडगावात आणि तरुणपणी लिस्बनला गेले ते तिथलेच झाले. मडगावात आबादे फारिया रस्त्यावर घराण्याचं घर आहे, लेकाला घरात बाबुश म्हणत, हे खरं. पण आई, पत्रकार मारिया आंतोनिया पाल्ला, पोर्तुगीज. तिचं नाव या मजकुरात औषधालाही नाही.

नागरिकत्वाचं म्हणाल तर त्यांच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) आहे, 2017 च्या भारतभेटीत मिळालेलं. त्यावर इथे ना मत देता येतं, ना निवडणूक लढवता येते. आणि ‘युरोपचा राष्ट्राध्यक्ष’ असं पदच नाही. ते युरोपियन कौन्सिलचे अध्यक्ष आहेत: युरोपीय संघातल्या 27 देशांच्या प्रमुखांनी निवडलेले, अडीच वर्षांसाठी. बैठका चालवायच्या, एकमत घडवायचं. स्वतःला मत नाही.

खरी गंमत आहे ती मजकुराने गाळलेल्या वर्षांत. 1993 मध्ये लिस्बनलगतच्या लोरेश पालिकेसाठी उभे असताना कोस्टांनी भर रहदारीच्या चढावर गाढव आणि फेरारीची शर्यत लावली. गाढव जिंकलं. तिथल्याच ओदिवेलाशपर्यंत मेट्रो हवी, हे त्यांना ठसवायचं होतं. कोस्टा निवडणूक हरले; मेट्रो तिथे 2004 मध्ये पोहोचली. पुढे गुतेरेश यांच्या सरकारात (होय, आजचे संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस) आधी संसदीय कामकाज आणि 1999 पासून न्याय खातं, 2005 मध्ये पंतप्रधान सॉक्रातिश यांच्या सरकारात गृह. दोनच वर्षांत ते मंत्रिपद सोडून लिस्बनच्या महापौरपदासाठी उभे राहिले. आपल्याकडे गृहमंत्री महापौर व्हायला निघाला तर लोक म्हणतील, याचे पंख छाटले! तिथे महापौरपद थेट शहर चालवण्याचं. कोस्टा त्यावर जवळपास आठ वर्षं राहिले आणि त्याच जोरावर पक्षाचे नेते झाले. नुसत्या रक्ताच्या पुण्याईने हे होत नाही.

‘हरूनही पंतप्रधान’ यात तथ्य आहे, पण अर्धंच. 2015 च्या संसदीय निवडणुकीत उजव्या आघाडीला 107 जागा मिळाल्या, कोस्टांच्या समाजवाद्यांना 86. सभागृह 230 चं. उजव्यांचं सरकार आलं आणि शपथविधीनंतर 11 दिवसांत संसदेत पडलं. डावा गट, कम्युनिस्ट आणि ग्रीन यांनी बाहेरून पाठिंबा दिल्यावर कोस्टांमागे 122 जण झाले. सर्वात मोठा पक्ष विरोधात कसा बसतो, हे मराठी वाचकाला समजावून सांगायची गरज नसावी. या जुगाडाला विरोधकांनी ‘खटारा’ म्हणून हिणवलं. तो पूर्ण चार वर्षं चालला. 2022 मध्ये तर कोस्टांना एकट्याच्या बळावर 120 जागा मिळाल्या.

राहिली लाच. 7 नोव्हेंबर 2023 ला लिथियम, हायड्रोजन आणि डेटा सेंटरच्या प्रकल्पांतल्या गैरव्यवहाराच्या संशयावरून छापे पडले. कोस्टांच्या चीफ ऑफ स्टाफच्या कार्यालयात 75,800 युरोंची रोकड पाकिटांत सापडली. याची लाज वाटते, हे कोस्टांनी स्वतः सांगितलं, आणि वाटायलाच हवी. माणूस त्यांनीच नेमलेला. पण त्यांच्याकडे पैसे सापडले नाहीत, अटक झाली नाही, आरोपही ठेवला गेला नव्हता. तपासात आपलंही नाव आहे हे सरकारी वकिलांच्या निवेदनातून कळलं आणि त्यांनी त्याच दिवशी पद सोडलं. टॅप केलेल्या एका फोनच्या नोंदीत तर अर्थव्यवस्था खात्याचे मंत्री अँटोनियो कोस्टा सिल्वा यांच्या जागी पंतप्रधानांचं नाव पडलं होतं. पुढे एप्रिल 2024 मध्ये लिस्बनच्या अपील न्यायालयाने, समोर आलेल्या बाबींतून गुन्हा दिसत नाही, असं म्हटलं. ‘पकडला गेला’ लिहिणाऱ्याने कुणाला, कुठे, काय घेताना, हेही लिहावं.