खिशातून निघालेलं खापर

परवा रात्री कट्ट्यावर जो वाद पेटला तो एका मडक्याच्या तुकड्यावरून. आमच्यातल्या इंजिनियरच्या साइटवर पायाचं खोदकाम चालूय, तिथे माती उपसताना खापरं निघाली, त्यातला एक तुकडा याने खिशात घालून आणला. एका बाजूने काळा, एका बाजूने तांबडा, आतून एकदम गुळगुळीत. म्हणाला, हे दोन हजार वर्षं जुनं असणार. वकील लगेच म्हणाला, "कागद दाखव. गावाचा इतिहास म्हणजे दफ्तर, सनदा, जमिनीचे दाखले. मडकं काय, कालही फुटतं."

झालं, तिथून जे सुरू झालं ते अकरा वाजले तरी थांबेना.

ताई गेली दोन वर्षं मोडी शिकतीये आणि खरंच दफ्तरात बसून रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सोडून वाचते, म्हणून तिचं आम्ही सगळे ऐकतो. ती म्हणाली, "कागदावर एवढा भरवसा ठेवू नकोस. मी वाचलेल्या कागदांत शेतसारा आहे, वतन आहे, पाटीलकीची भांडणं आहेत. ज्याच्याकडे जमीनच नव्हती त्याचं नाव कधी येतं? गुन्हा केला तर, नाहीतर वेठीला धरला तर. आणि वतनाच्या भांडणात लोक बनावट महजर, म्हणजे निवाड्याचे कागद, करायचे, साक्षीदारांसकट, हे तुला वकील म्हणून वेगळं सांगायला पाहिजे का?"

इंजिनियरला जोर आला. त्याने पुणे जिल्ह्यातलं इनामगाव काढलं. घोड नदीकाठी डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 उत्खनन केलं, वस्ती साधारण इसवीसनपूर्व 1600 ते 700 ची, एका अक्षराचाही पुरावा नाही, तरी लोक काय पिकवत होते, पुराचं पाणी वळवायला पाट कसा काढला होता, मेलेली लेकरं मडक्यात ठेवून घरातच कशी पुरत होते हे सगळं कळलं. नंतरच्या काळात चौकोनी घरं गेली आणि छोट्या गोल झोपड्या आल्या, पाऊसमान घटलं आणि लोक गरीब झाले असं उत्खनन करणाऱ्यांनी त्यावरून मांडलं. "हे कुठल्या रुमालात सापडलं असतं सांग," तो म्हणाला. याला वकिलाकडे उत्तर नव्हतं.

पण तोही गप्प बसणारातला नाही, त्याने धाराशिव जिल्ह्यातलं तेर आणलं. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या टिपणात लिहिलंय की पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं मोठं शहर आहे, तिथलं कापड गाड्यांतून भडोच बंदराला जातं. हे तगर कुठलं यावर अभ्यासक कितीतरी वर्षं भांडले, कुणी देवगिरी म्हणे कुणी जुन्नर, शेवटी ते तेर निघालं. वकील म्हणाला, कागद नसता तर तेरच्या खापरांना तगर हे नाव कुणी दिलं असतं? मुद्दा बरोबर होता. फक्त मास्तरांनी त्यात एक भर घातली की तेरच्या वस्तू जपल्या त्या रामलिंगप्पा लामतुरे या गावातल्याच माणसाने, आज तिथल्या सरकारी संग्रहालयाला त्यांचं नाव आहे.

मग मास्तर म्हणाले, "तुम्ही दोघं उगाच कागद विरुद्ध माती करताय." त्यांनी इंग्लंडच्या तिसऱ्या रिचर्डची गोष्ट सांगितली. 1485 ला लढाईत मेला, लेस्टरच्या एका मठात पुरला, पुढे मठ पडला आणि लोकांत बोललं जायला लागलं की हाडं नदीत फेकली. 2012 साली जुने नकाशे आजच्या शहरावर बसवून मठाची जागा हुडकली, ती निघाली पार्किंगखाली, आणि सांगाडा सापडला, पाठीचा कणा वाकडा. तो राजाच आहे हे डीएनएने ठरवलं, पण डीएनए जुळवायला वारस कुठून आणले? त्याच्या बहिणीच्या मुली, त्यांच्या मुली अशी सतराएक पिढ्यांची वंशावळ कागदावरूनच लावत आले ना! खणायच्या आधी कागद आणि खणल्यावर परत कागद.

मला राहवेना. मी अमेरिकेतल्या लिटल बिगहॉर्नच्या लढाईचं सांगितलं. 1876 ला तिथे अमेरिकी सैन्यातल्या कस्टर नावाच्या अधिकाऱ्याची तुकडी मारली गेली, त्याच्या बाजूचं सांगायला कुणी उरलं नाही, आणि त्याच्याशी लढलेले तिथले मूळ रहिवासी, लाकोटा आणि शायान लोक, जे सांगत होते ते कित्येक वर्षं कुणी नीट मनावर घेतलं नाही. 1983 ला वणव्यात गवत जळालं, पुढच्या वर्षी पुरातत्त्ववाल्यांनी मेटल डिटेक्टर घेऊन मैदान पिंजून काढलं. काडतुसाच्या बुडावर बंदुकीची पिन आपटते ती खूण बंदुकीगणिक वेगळी, म्हणून एकेक बंदूक मैदानावर कुठून कुठे गेली ते काढता आलं. आणि त्यातून त्या लोकांच्या सांगण्यातलं बरंच खरं निघालं. पण हे जमलं कशामुळे, तर काडतूस दिसलं की आधी तिथे झेंडी, मग मोजमाप, मग नोंद, आणि मगच उचलायचं. तीच काडतुसं कुणी पिशवीत भरून नेली असती तर नुसतं पितळ उरलं असतं.

हे बोलताना माझं लक्ष इंजिनियरच्या हातातल्या तुकड्याकडे गेलं. विचारलं, हा नेमका कुठून निघाला? किती खोल? वर काय होतं, खाली काय होतं? मला खरंच वाईट वाटलं कारण त्यालाही ते कळलं, तुकडा हातात फिरवत तो बराच वेळ बोललाच नाही. मग हळूच म्हणाला, "कमरेइतकं खोल असेल. वर काळं काहीतरी होतं, राखेसारखं."

ताई म्हणाली, खड्ड्याची भिंत अजून उभी आहे का?

सकाळी साडेसहाला आम्ही चौघं तिथे. भिंत होती. जमिनीपासून टेप सोडला, राखेचा पट्टा चार बोटं जाड, त्याखाली तांबडी माती आणि तिच्यात अजून दोन खापरं तशीच रुतलेली, त्यांना हात लावला नाही. टेप शेजारी धरून फोटो काढले, खोली, दिशा, तारीख लिहिली, पुरातत्त्व विभागाचा नंबर वकिलानेच शोधून फोन लावला. तोवर जेसीबी येऊन उभा राहिला. इंजिनियर ड्रायव्हरपाशी गेला आणि म्हणाला, ही बाजू आज सोड, पलीकडून सुरू कर.