दहा मिनिटांत कांदा होतो म्हणणाऱ्यांनो, खोटं बोलणं बंद करा

पास्ता, घट्ट दही, कांदा, लोणी, मीठ. "ग्रीक" म्हणून मिरवणाऱ्या दही-कांद्याच्या पास्त्याच्या एवढ्याशा साहित्याच्या पाककृतीत खोटं बोलायला जागा तरी कुठे आहे? पण आहे, आणि पाककृती लिहिणारे सगळे नेमके तिथेच बोलतात. "मध्यम आचेवर कांदा आठ-दहा मिनिटं परता, छान कॅरमलाइज होईल." नाही होत! दहा मिनिटांत कांदा फार तर गुलाबी होतो, कॅरमलाइज म्हणजे गोडसर तपकिरी नाही. घाईने आच वाढवली की कडा करपतात, मधला भाग पांढराच राहतो आणि सगळा कांदा कडू लागतो.

कांद्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. ते उडेपर्यंत कांद्याचं तापमान शंभर अंशांपुढे जातच नाही, मग रंग चढणार कसा? त्याला जाड बुडाची कढई लागते, मंद आच लागते, बुडाला लागलं की चमचाभर पाणी शिंपडून खरवडावं लागतं आणि पाऊण तास उभं राहावं लागतं. किलोभर कांदा आटून वाटीभर उरतो. कांदा-खोबऱ्याचं वाटण करणाऱ्या आपल्याकडच्या कुठल्याही बाईला विचारा, कांद्याला किती वेळ लागतो ते ती झोपेतही सांगेल. मग यांनाच कसं कळत नाही? कळतं हो. शीर्षकात "फक्त १५ मिनिटांत" लिहायचं असतं ना!

त्यावर कडी म्हणजे "एकीकडे पास्ता उकळायला टाका." ऑफिसातून आठ वाजता आलेलं माणूस भरवशाने तसं करतं. पास्ता शिजून, निथळून, गार होऊन त्याचा गोळा होतो, पोरं "झालं का?" विचारून थकतात आणि कढईतला कांदा अजून पांढराच. कोणी साखर घालायला सांगतं, कोणी चिमूटभर सोडा. सोड्याने रंग लवकर येतो हे खरं, पण कांद्याचा लगदा होतो, हे कोण सांगणार?

दह्याचंही तेच. नुसतं "एक वाटी दही घाला". पातळ दही गरम कढईत ओतलं की फाटणारच. चक्का हवा, गॅस बंद हवा, आणि तो पास्त्याच्या पिठूळ पाण्यात आधी सैल करून घ्यायला हवा. ही एक ओळ लिहायला इतकं जड जातं?

आणि नाव मात्र "ग्रीक"! ग्रीसच्या कासोस बेटावर मकारुनेस नावाचा पास्ता करतात, त्यावर लोण्यात खमंग लाल केलेला कांदा आणि सिताका. सिताका म्हणजे शेळ्या-मेंढ्यांचं आंबवलेलं दूध तासन्‌तास आटवून केलेला आंबट, मऊ प्रकार. बेटाबाहेर तो सहज मिळत नाही, म्हणून घट्ट दही. दूध आटवायलाच ज्यांनी इतके तास दिले, त्यांच्या पदार्थाला तुम्ही १५ मिनिटांचं लेबल लावता? लाज वाटली पाहिजे.

सरळ लिहा: कांदा, पाऊण तास. ज्याला वेळ नाही तो त्या रात्री पिठलं टाकेल आणि हा पास्ता रविवारी करेल. पण कोणाची भुकेली रात्र फुकट घालवू नका.