‘साधा रणगाडा म्हणजे सोपी दुरुस्ती’ हा दावा कुठे कुठे चुकतो

दुसऱ्या महायुद्धातल्या रणगाड्यांचा विषय निघाला की एक दावा हमखास पुढे येतो. रशियाचा टी-३४ इतका साधा, की ट्रॅक्टर दुरुस्त करणारा माणूसही तो पाना-हातोड्यावर चालू करी. जर्मनांचा पँथर गुंतागुंतीपायी बंद पडे. आणि आत बसणाऱ्यांची सोय बघणं म्हणजे नसते लाड. बनवायला सोपं, चालवायला सोपं आणि दुरुस्तीला सोपं या तीन वेगळ्या गोष्टी हा दावा एकाच पोत्यात भरतो.

‘टी-३४ साधा होता.’ त्याचं व्ही-२ इंजिन बघा: १२ सिलिंडरचं, ३८.८ लिटरचं अॅल्युमिनियमचं डिझेल इंजिन, प्रत्येक सिलिंडरला ४ व्हॉल्व्ह, सिलिंडरच्या प्रत्येक रांगेवर दोन कॅमशाफ्ट, ताकद सुमारे ५०० अश्वशक्ती. हे ट्रॅक्टरचं इंजिन नव्हे. सोव्हिएत अभियंत्यांनी साधेपणा आणला तो मुख्यतः कारखान्यासाठी. भागांची संख्या आणि मजुरीचे तास कमी केले, अनावश्यक फिनिशिंग सोडून दिलं. संख्येच्या युद्धात तो निर्णय बरोबरच होता, पण त्यामुळे पाना फिरवणाऱ्याचं काम आपोआप सोपं झालं नाही. टी-३४ची सस्पेन्शनची, म्हणजे चाकांचे धक्के झेलणारी स्प्रिंग कवचाच्या आत तिरकी बसवलेली असे. माणसांची जागा खाई आणि बाहेरून अख्खा संच सोडवून बदलायची सोय नसे. याउलट अमेरिकी शर्मनच्या प्रत्येक बाजूला दोन-दोन चाकांच्या तीन बोगी बाहेरून बोल्टने लावलेल्या. सुरुंगाने एक उडाली तर पट्टा सोडायचा, रणगाडा जॅकवर घ्यायचा, बोल्ट काढायचे आणि नवी बोगी बसवायची.

‘साधा भाग बिघडत नाही.’ १९४२ मध्ये सोव्हिएत संघाने एक टी-३४ अमेरिकेतल्या अॅबरडीनच्या चाचणी मैदानावर पाठवला. ३४३ किलोमीटरनंतर त्याचं इंजिन कायमचं निकामी झालं. कारण हवेचा फिल्टर. साधा होता, स्वस्त होता आणि धूळ अडवत नव्हता. ती धूळ सिलिंडरमध्ये जाऊन पिस्टन आणि सिलिंडरच्या भिंती घासत राहिली. पुढे आलेला सायक्लोन फिल्टर (हवा गरगर फिरवून धूळ बाजूला टाकणारा) बनवायला जास्त कटकटीचा होता, पण इंजिनाचं आयुष्य त्यानेच वाढवलं. फिल्टरमध्ये वाचवलेला पैसा इंजिनात दामदुपटीने जातो, हे राजस्थानच्या वाळूत गाडी चालवलेल्या कुणालाही सांगावं लागणार नाही.

‘पँथर गुंतागुंतीने मेला.’ इथे दावा सर्वात जास्त घसरतो. पँथरचा कुप्रसिद्ध भाग म्हणजे फायनल ड्राइव्ह, पट्टा फिरवणाऱ्या दातेरी चाकाआधीचा शेवटचा गिअर. आराखडा हलक्या रणगाड्याचा होता आणि वजन गेलं सुमारे ४५ टनांवर. तिथे एपिसायक्लिक गिअर (मधल्या गिअरभोवती फिरत भार वाटून घेणारे छोटे गिअर) हवे होते. ते कापायची यंत्रं पुरेशी नव्हती, म्हणून साधे सरळ दात्यांचे गिअर बसवले. म्हणजे पँथर सर्वात जास्त मोडला तो नेमका साधा केलेल्या जागी! युद्धानंतर फ्रेंच सैन्याने हेच रणगाडे वापरले. त्यांच्या १९४७ च्या अहवालात या भागाचं सरासरी आयुष्य १५० किलोमीटर नोंदवलं आहे.

दुरुस्तीत पँथर वाईट होता, हे मात्र खरं. गिअरबॉक्स पुढे, चालक आणि रेडिओवाल्याच्या मधोमध. तो काढायचा तर सीट, रेडिओ आणि जोडण्या काढा, डोक्यावरची कवचाची पत्रं उचला आणि मग क्रेन लावा. एकमेकांत अडकवलेल्या चाकांतलं आतलं चाक फुटलं तर बाहेरची शाबूत चाकंही उतरवावी लागत. दोष भागांच्या संख्येत नव्हता, ते कुठे दडवले यात होता.

‘आराम म्हणजे लाड.’ टी-३४च्या सुरुवातीच्या बुरुजात, म्हणजे तोफ असलेल्या फिरत्या भागात, दोनच माणसं, त्यामुळे कमांडरच तोफ चालवी. डोळा दुर्बिणीला लावला की रणांगण दिसेनासं होई. १९४४ मध्ये टी-३४-८५ मध्ये तिसरा माणूस आला तेव्हा हे सुटलं. टी-३४च्या चार गतींच्या जुन्या गिअरबॉक्समध्ये गिअर बदलायला अंगात जोर लागे. थकलेला चालक गिअर घासतो, घासलेला गिअर तुटतो आणि गाडी वर्कशॉपला जाते. चालकाची सोय हा दुरुस्तीच्या खर्चाचाच भाग आहे.

आपल्याकडे हाच वाद सोव्हिएत बनावटीच्या टी-७२ वरून रंगतो, कारण चेन्नईजवळच्या आवडी इथल्या कारखान्यात बनलेला त्याचा भारतीय अवतार ‘अजेय’ आजही सेवेत आहे. त्याचं इंजिन आडवं बसतं आणि मधल्या गिअरपेटीतून दोन्ही बाजूंच्या गिअरबॉक्सना जोडलेलं असतं. बदलताना पाणी-तेल काढणं, नळ्या सोडवणं आणि शेवटी इंजिन त्या पेटीशी अचूक रेषेत आणणं यात तासन्‌तास जातात. जर्मन लेपर्ड-२ मध्ये इंजिन, गिअरबॉक्स आणि कूलिंग एकाच गठ्ठ्यात. झटकन सुटणाऱ्या जोडण्या काढून क्रेनने उचलला की तासाभराच्या आत नवा बसतो. गुंतागुंत जास्त, वेळ कमी.

पण लेपर्डच्या बाजूने बोलणारेही अर्धंच सांगतात. बिघडलेला गठ्ठा दुरुस्त झालेला नसतो, तो फक्त मागच्या वर्कशॉपला गेलेला असतो. त्यासाठी क्रेनवाली गाडी पुढे हवी आणि राखीव गठ्ठाही हवा; म्हणूनच जर्मनांच्या ब्यूफेल या दुरुस्ती-गाडीच्या पाठीवर तो वाहून न्यायची सोय ठेवली आहे. राखीव गठ्ठा पोचला नाही, तर तासाभरात बदलता येणारा तोच रणगाडा आठवडाभर झाडाखाली उभा राहील.