भीती विचारून कळत नाही, असे म्हणणाऱ्या वाचकांस

सप्रेम नमस्कार.

विद्यार्थ्यांच्या भयपटाची सुरुवात ठरवताना प्रेक्षकांचा कानोसा कसा घ्यावा, या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली आणि उत्तर लिहायला मुद्दाम दोन दिवस थांबले. आपले आक्षेप चार आहेत: प्रश्नावली ओळखीच्याच मुलांत फिरली, वय विचारणे ही निव्वळ कारकुनी आहे, वेळेच्या मर्यादेबाबत माझी चूक झाली आणि, आपल्याच शब्दांत, ‘लोकांना विचारून भयपट काढणारी ही मुले साबण विकायला निघाली आहेत, भीती आतून येते, फॉर्म भरून मिळत नाही.’

चूक आधी मान्य करते. ही मुले ज्यासाठी हे काम करत आहेत, त्या केंब्रिजच्या माध्यम अभ्यासक्रमात चित्रपटाची सुरुवात श्रेयनामावलीसह जास्तीत जास्त 2 मिनिटांची असावी लागते. मी ‘श्रेयनामावली सोडून’ असे लिहिले होते. ते दुरुस्त केले आहे. आभारी आहे.

साबणाचे वाक्य मात्र मला सोडून देता येत नाही. ही चार मुले अकरावी-बारावीच्या वयाची आहेत, नवी मुंबईत राहतात, शाळा आणि क्लास सांभाळून चित्रीकरण करतात, आणि आपली प्रतिक्रिया त्यांनी माझ्याआधी वाचली. लेख माझा होता. टोचायचेच होते तर मला टोचायचे होते. पडद्यामागे काम केलेल्या माणसाची भाषा अशी नसते, हे मी स्पष्टच सांगते.

प्रेक्षकाला विचारणे म्हणजे बाजार, हे आपण कशावरून ठरवलेत? मूकपटांच्या काळात, 1920च्या दशकात, हॅरॉल्ड लॉइड आपले विनोदी चित्रपट प्रदर्शनापूर्वी प्रेक्षकांना दाखवीत आणि जिथे हशा येत नसे तिथे पुन्हा चित्रण करीत. 1940च्या सुमारास जनमत चाचण्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या जॉर्ज गॅलप यांनी हॉलिवूडच्या स्टुडिओंसाठी प्रेक्षकांचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला. गॅलप जाहिरातक्षेत्रातून आले होते, हे आपण माझ्यावर उलटवाल म्हणून मीच सांगून टाकते. पण आपल्या रंगभूमीचे काय? नवे नाटक गडकरी रंगायतनला लागले की पहिल्या काही प्रयोगांत कुठे खोकल्याची उबळ उठते, कुठे खुर्च्या वाजतात, हे विंगेत उभे राहून ऐकणारे आणि रात्रीतून प्रवेश कापणारे दिग्दर्शक मी पाहिले आहेत. त्यांना कुणी साबणविके म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

आता ‘आतून’ येणाऱ्या भीतीविषयी. माझे बालपण ठाण्यात चरईतल्या एका जुन्या वाड्यात गेले. मागे विहीर होती आणि दिवेलागणीनंतर तिकडे फिरकायचे नाही, अशी आजीची सक्त ताकीद होती. महाविद्यालयात असताना मी पहिला लघुपट केला, तो त्या विहिरीनेच सुरू केला. काठ, दोर, काळे पाणी, आणि दीड मिनिट संपूर्ण शांतता. संकलन करताना माझ्याच अंगावर काटा यायचा. सभागृहात दाखवला तेव्हा कुणी हसले नाही की वाईट बोलले नाही. विसाव्या-पंचविसाव्या सेकंदाला हळूहळू गप्पा सुरू झाल्या. माझी भीती शंभर टक्के आतली होती, पण ज्यांच्या घरात विहीरच नव्हती त्यांच्यासाठी ते नुसते पाणी होते. एकालाही आधी विचारले असते, तर ते मला कळले असते. आपल्या त्या वाक्याने मला ती संध्याकाळ पुन्हा आठवली, म्हणून हे उत्तर इतके लांबले आहे.

या मुलांची पहिली कल्पनाही तशीच होती: येऊरच्या जंगलातला पडका बंगला, धूर, कंदील. प्रश्नावलीत ‘कशाची जास्त भीती वाटते?’ असा पर्याय निवडायचा प्रश्न होता आणि त्यात ‘अचानक मोठा आवाज’ यावर सर्वाधिक खुणा आल्या. आपण समजता तशी ती मुले आज्ञाधारक असती, तर तिथेच थांबली असती. पण मोठ्या आवाजाने डोळे मिटणे ही शरीराची प्रतिक्षिप्त क्रिया आहे, हातातून स्टीलचे पातेले पडले तरी ती होतेच, हे त्यांनी आपसात वाद घालून ताडले आणि पुढच्या फेरीत प्रश्न बदलला: ‘घरी एकटे असताना कोणता आवाज ऐकून तुम्ही टीव्ही बंद केलात?’ त्यावर लोक लिहू लागले. एका मुलीने लिहिले की लिफ्ट आपल्याच मजल्यावर थांबते, दार उघडल्याचा आवाज येतो आणि नंतर पावले वाजतच नाहीत. तेराव्या-चौदाव्या मजल्यावर वाढलेल्या मुलांची विहीर ही अशी असते. बंगला गेला. आता त्यांची सुरुवात एका बंद दारावर, आतल्या बाजूने, सुरू होते आणि श्रेयनामे लिफ्टच्या मजल्यांच्या आकड्यांबरोबर येतात. ही कल्पना फॉर्मने दिली नाही, मुलांनीच रचली. पण दार कुणाचे आणि आवाज कोणता, हे त्यांना त्या उत्तरांतून सापडले. कच्चे संकलन दाखवताना पडद्याकडे न बघता बघणाऱ्यांच्या मानेकडे आणि हातांकडे बघा, असे मी त्यांना सांगितले होते, आणि त्यावरून दाराचे दृश्य त्यांनी पुन्हा चित्रित केले. भीती कशी तयार करायची हे शिकवायला याहून प्रामाणिक रीत मला ठाऊक नाही.

वय विचारणे कारकुनी नाही. 2024च्या नियमांनी आपल्याकडे चित्रपटांच्या ‘यूए’ (पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहण्याजोगा) प्रमाणपत्राचे 7, 13 आणि 16 वर्षे असे तीन टप्पे केले आहेत. तेरा वर्षांच्या मुलाला काय दाखवायचे, हा प्रश्न पहिल्याच दृश्यापासून येतो. प्रश्नावली ओळखीच्यांत फिरली, हे खरे. शाळकरी मुलांनी अनोळखी लोकांची दारे वाजवावीत, अशी अपेक्षा असेल तर ती मला मान्य नाही, आणि त्यावर अधिक काही लिहावे असे वाटत नाही.

चौघांपैकी जिने प्रश्न तयार केले, तिने काल मला विचारले की उत्तरांची ती पाने प्रकल्पाच्या नोंदवहीतून काढून टाकू का. ती तशीच ठेवायला सांगितली आहे. आपण तिचा प्रश्न पुन्हा एकदा वाचावा, अशी विनंती आहे.